साठ एकर गायरान आणि पाचशे नोकऱ्यांचा वायदा

पत्र

मराठवाड्यातल्या ३,८०० लोकवस्तीच्या गावाचा मी सरपंच आहे. जिल्ह्याचं ठिकाण ४८ किलोमीटरवर. तालुक्याला एमआयडीसी मिळावी म्हणून सहा वर्षं निवेदनं देतोय, दर वेळी ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ एवढंच उत्तर येतं. गावातली दीडशेच्या वर पोरं चाकण, रांजणगाव, वाळूजला ठेकेदाराकडे कामाला आहेत. गेल्या महिन्यात एक सल्लागार गावात आले. गावालगतचं ६० एकर गायरान त्यांच्या कंपनीला ९९ वर्षांच्या कराराने दिलं, तर ५०० स्थानिकांना नोकऱ्या देतो म्हणतात. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा आणि प्रकल्प अहवालाचे अडीच लाख रुपये ग्रामपंचायतीने भरायचे. सदस्य तयार आहेत, तरुण मंडळीही मागे लागली आहेत. पैसे भरावेत का? आणि सरकारकडून उद्योग आणायचा तर नेमकं कुणाकडे, काय घेऊन जायचं?

— एक सरपंच

उत्तर

सरपंचसाहेब,

पैशाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण एकदा ठराव झाला की मागे फिरणं अवघड जातं. पैसे भरू नका आणि ठरावही करू नका.

गायरानाचा सातबारा काढून समोर ठेवा. भोगवटादाराच्या जागी ‘सरकार’ लिहिलेलं दिसेल. जमीन शासनाची आहे, ग्रामपंचायत तिची फक्त राखणदार. राखणदाराला ९९ वर्षांचा करार करता येत नाही, एक वर्षाचाही नाही. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. त्यानंतर १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर कडक बंधन आलं. सार्वजनिक प्रयोजन असेल आणि दुसरी जागाच नसेल तर शासन विचार करतं, आणि तेही शासनच करतं. खासगी कंपनीला जमीन देण्याचा तुमचा ठराव कायद्यात टिकणार नाही. त्या सल्लागाराला मात्र तो कागद दुसरीकडे दाखवायला कामाला येईल.

अडीच लाखांचंही तसंच. खासगी कंपनीचा प्रकल्प अहवाल कंपनी स्वतःच्या पैशाने करते. ग्रामनिधीतून तो खर्च केलात तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल आणि वसुलीची वेळ तुमच्यावर आणि ग्रामसेवकावर येईल. ते गृहस्थ पुन्हा आले तर तीन गोष्टी मागा: कंपनीचा नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. नोंदणी क्रमांकावरून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी कधी स्थापन झाली, भरणा झालेलं भांडवल किती, संचालक कोण, हे दिसतं. ५०० माणसं कामाला ठेवणाऱ्या कंपनीचं भांडवल एक लाख दिसलं, तर पुढे बोलायचं कारण नाही. खरा गुंतवणूकदार हे कागद मागायच्या आधी देतो, आणि जमिनीआधी विजेचं विचारतो.

आता तुमचा खरा प्रश्न. सहा वर्षं निवेदनं देऊनही एमआयडीसी का येत नाही?

एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६१ च्या अधिनियमाखाली १ ऑगस्ट १९६२ ला सुरू झालं. जमीन मिळवायची, रस्ते आखायचे, पाणी आणायचं, भूखंड पाडायचे आणि ते ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, हे त्याचं काम. कारखाना आणणं हे त्याच्या हातात फार थोडं असतं. महामंडळ जागा तयार करतं, कारखानदार स्वतःचा हिशेब करून येतो. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात अशा कितीतरी तालुका वसाहती आहेत, जिथे डांबरी रस्ते आहेत, दिव्यांचे खांब आहेत, कमानीवर नाव आहे आणि आत वेड्या बाभळी वाढल्या आहेत. कमान झाली म्हणजे काम झालं असं मानणाऱ्या पुढाऱ्यांनी त्या तालुक्यांचं नुकसान केलं. अधिकारी तुमचा कागद बाजूला ठेवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे त्या बाभळी असतात.

प्रस्ताव मार्गी लागला तर तो कसा जातो, तेही माहीत असू द्या. प्रादेशिक अधिकारी जागा पाहतो, अभियंते पाणी, वीज, रस्ता तपासतात. मग भूनिवड समिती, त्यावर उच्चाधिकार समिती. मान्यता मिळाली की अधिनियमाचं प्रकरण सहा, म्हणजे भूसंपादनाचं प्रकरण, त्या गटांना लागू झाल्याची अधिसूचना निघते. पुढे संयुक्त मोजणी, कलम ३२(२) ची नोटीस, हरकतींची सुनावणी, दराची बोलणी, ३२(१) ची अंतिम अधिसूचना, मोबदला, ताबा. एवढं सगळं झाल्यावर पहिला रस्ता.

यात अडतं कुठे? बहुतेक वेळा मधेच. अधिसूचना निघते, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात महामंडळाचा शिक्का पडतो आणि दरावर बोलणी थांबतात. मग शेतकऱ्याला ती जमीन विकता येत नाही, तिच्यावर बँक कर्ज देत नाही, मुलीच्या लग्नाला एक एकर मोकळी करावी म्हटलं तर तेही जमत नाही. वर्षं जातात. शेवटी तोच शेतकरी शिक्का काढा म्हणून उपोषणाला बसतो. म्हणून प्रकरण सहा लागण्याआधी गटवार यादी करून प्रत्येक खातेदाराची लेखी तयारी आणि अपेक्षित दर नोंदवा. बारा खातेदारांतले नऊ तयार आणि तीन विरोधात असतील, तर त्या तिघांचे गट सोडून नकाशा आखता येतो का ते आधी पाहा. नंतर ते फार महाग पडतं.

आता साठ एकरांचा हिशेब करू. साठ एकर म्हणजे २४.३ हेक्टर, सुमारे २,४३,००० चौरस मीटर. रस्ते, मोकळ्या जागा, सुविधांचे भूखंड, वीज उपकेंद्र आणि पाण्याची टाकी वगळली की साधारण ६० टक्के जागा भूखंडांना मिळते, म्हणजे १,४५,००० चौरस मीटर. हजार चौरस मीटरचा एक भूखंड धरला तर १४५ कारखाने. तुमच्या तालुक्यात आजच्या घडीला भूखंड घेऊन दोन वर्षांत शेड उभी करेल असे १४५ लोक आहेत का? वीस असतील तर त्यांना २०,००० चौरस मीटर पुरतात, आणि त्यासाठी एकूण जमीन लागते सव्वाआठ एकरांच्या आसपास. दहा एकर धरा. दहा एकर जमीन आणि वीस खरी नावं असा प्रस्ताव साठ एकर आणि शून्य नावं यापेक्षा कितीतरी वजनदार असतो. गायरानाला हात लावायचीही गरज उरत नाही. जनावरांना चारायला गावात दुसरी जागा कुठे आहे, हाही प्रश्न तुम्ही सरपंच म्हणून विसरू नका.

ही वीस नावं कशी मिळवायची? निवेदनाच्या खाली दोनशे सह्या घेऊन उपयोग नाही. प्रत्येक इच्छुकाचं स्वतंत्र मागणीपत्र घ्या, एका पानाचं. त्यात उद्योग कोणता, आज तो कुठे चालतो, उद्यम नोंदणी क्रमांक, हवी असलेली जागा चौरस मीटरमध्ये, जोडभार, म्हणजे सगळ्या यंत्रांची मिळून क्षमता, अश्वशक्तीत, पाणी रोज किती लिटर, कामगार आज किती आणि नव्या जागेत किती, गुंतवणूक किती आणि त्यातला स्वतःचा हिस्सा किती, एवढं हवं. शेवटचा रकाना भरताना लोकांची लेखणी अडते. तो कोरा ठेवणाऱ्याचं नाव यादीत धरू नका.

सुरुवात जे आज धंदा करतातच त्यांच्यापासून करा. घराच्या पडवीत डाळ भरडणारा, शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नांगर आणि ट्रॉल्या बनवणारा, हळद-मिरची दळून तालुक्यात विकणारा बचत गट, सोयाबीनची चाळणी लावलेला व्यापारी, सिमेंटच्या विटा पाडणारा. यांना जागा आणि वीज मिळाली तर ते उद्या दोन माणसं वाढवतात. बाहेरून येणारी कंपनी आली नाही तरी हे इथेच असतात.

दुसरी यादी तुमच्या पत्रातच आहे आणि तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही: चाकण, रांजणगाव, वाळूजला गेलेली दीडशे पोरं. त्यातला कुणी आठ-दहा वर्षं सीएनसी यंत्रावर सेटर असेल, कुणी वेल्डिंगचा पर्यवेक्षक, कुणी मोल्डिंगच्या खात्यात, कुणी कंपनीच्या खरेदी विभागात. कोणत्या पार्टचं काम बाहेर देतात, किती दराने, नाकारलेला माल किती टक्के चालतो, हे त्यांना माहीत असतं. फोन नंबर, कंपनीतलं काम, अनुभवाची वर्षं आणि ‘परत येऊन काम सुरू करायची तयारी आहे का’ असे चार रकाने पाडून यादी करा. दीडशेतून चार जण हो म्हणाले तरी पुष्कळ झालं. बाहेरच्या उद्योगाशी तुमच्या तालुक्याचं पहिलं नातं त्या चौघांतून जुळेल, कारण ऑर्डर देणाऱ्याला ते नावाने ओळखतात.

आता विजेकडे या. ग्रामीण उद्योग बुडतो तो बहुतांशी इथेच, म्हणून जरा थांबून सांगतो. शेती फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर, तीन फेज वीज आठ तास आणि तीही आळीपाळीने दिवसा-रात्री. तिच्यावर कारखाना चालत नाही. गावठाण फीडरवर वीज चोवीस तास म्हणायची, पण पाणी उपसण्याच्या वेळेला दाब पडतो. तीन फेजला ४१५ व्होल्ट हवेत तिथे ३५० मिळाले की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. त्यासाठी एक साधी वही घाला. तारीख, वीज गेली ती वेळ, आली ती वेळ, एकूण मिनिटं, कारण, आणि सकाळी सात व संध्याकाळी सात वाजताचा व्होल्टेज. पिठाच्या गिरणीवाल्याला किंवा पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याला हे काम द्या. तीन महिने लिहा, त्यात पावसाळ्याचा निदान एक महिना येऊ द्या. बाहेरच्या उद्योजकापुढे तुम्ही तालुक्याचा रंगीत नकाशा ठेवलात तर तो घडी घालून खिशात ठेवील. ही वही ठेवलीत तर खुर्ची पुढे ओढून वाचायला लागेल.

कारण त्याचा हिशेब तिथे असतो. प्लास्टिक मोल्डिंगचं यंत्र चालू असताना वीस मिनिटं वीज गेली, तर बॅरलमधला वितळलेला माल तिथेच थिजायला लागतो. वीज आल्यावर पुन्हा तापवा, खराब झालेला माल काढून टाका, पहिले काही नग फेकून द्या, यात तासाच्या वर जातो. डाळ गिरणीचं तसं नाही, वीज आली की पट्टा पुन्हा फिरतो, नुकसान फक्त वेळेचं. शिलाईच्या शेडला लहान जनरेटरवर निभावता येतं. म्हणजे वहीत रोजचे दोन-तीन खंड दिसत असतील तर मोल्डिंगवाल्याला बोलावून त्याचा आणि तुमचा वेळ घालवू नका. आधी डाळ, चाळणी-प्रतवारी, शिलाई, जोडणीची कामं घ्या.

वही भरली की महावितरणच्या कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या आणि तीनच प्रश्न विचारा: जवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात रोहित्राची क्षमता किती एमव्हीए, कमाल भार किती नोंदला गेला, आणि तिथून प्रस्तावित जागेपर्यंत स्वतंत्र ११ केव्ही औद्योगिक फीडर टाकायचा तर अंतर किती. वीस उद्योगांचा सरासरी ५० अश्वशक्तीचा जोडभार धरला तर एकूण हजार अश्वशक्ती, म्हणजे ७४६ किलोवॅट. सगळी यंत्रं एकाच वेळी चालत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष मागणी साडेचारशे-पाचशे किलोवॅटपर्यंत जाईल. ५ एमव्हीएच्या रोहित्रात एवढी जागा शिल्लक आहे का, हे अभियंत्याला लगेच सांगता येतं. आकडे घेऊन गेलेल्या माणसाला उत्तरही आकड्यात मिळतं.

पाण्याबद्दल घाबरू नका, पण खोटंही बोलू नका. कामगारांच्या पिण्याला आणि स्वच्छतेला माणशी रोज ४५ लिटर धरतात. दोनशे कामगारांना ९,००० लिटर लागतात, म्हणजे एका टँकरपेक्षा कमी. ज्यात माल धुवायचा, रंगवायचा, उकळायचा नाही असे कोरडे उद्योग तुमच्या भागात निभतील. कापड रंगवणं, कागद, दारू-स्पिरिट असले उद्योग मागू नका आणि आले तरी घेऊ नका. प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगांना रंगांच्या गटात टाकतं. सगळ्यात कमी प्रदूषणाचा पांढरा, मग हिरवा, नारिंगी आणि सगळ्यात जास्त प्रदूषणाचा लाल. पांढऱ्या गटाला मंडळाची संमती लागत नाही, डाळ गिरणी २०१६ च्या यादीत हिरव्यात होती. पहिल्या वीसांत पांढरे-हिरवेच ठेवलेत तर कागदपत्रं हलकी होतात आणि गावाच्या विहिरीही वाचतात.

आता कुणाकडे जायचं ते सांगतो. सहा वर्षं तुम्ही मंत्र्यांकडे आणि एमआयडीसीकडे गेलात. पहिलं दार जिल्हा उद्योग केंद्राचं आहे. ही केंद्रं १९७८ पासून देशभर सुरू झाली, लहान उद्योगाला एका छताखाली मदत मिळावी म्हणून. महाव्यवस्थापकांना मागणीपत्रं, विजेची वही, अभियंत्याचं उत्तर आणि खातेदारांची संमती यांची एकत्र फाईल द्या, आवक क्रमांक घ्या, आणि हा विषय जिल्हा उद्योग मित्र समितीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा असं पत्रातच लिहा. या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि महामंडळ, महावितरण, प्रदूषण मंडळ, अग्रणी बँक यांचे अधिकारी समोरासमोर बसतात. फीडरचा प्रश्न तिथे दहा मिनिटांत पुढे सरकतो, एरवी तोच चार कार्यालयांत चार महिने फिरतो. बैठकीचं इतिवृत्त मागून घ्या. पुढच्या बैठकीत त्याच ओळीवर बोट ठेवून विचारता येतं. मोठ्या गुंतवणूकदाराच्या परवान्यांसाठी राज्याचा ‘मैत्री’ कक्ष आहे, त्यासाठी २०२३ चा स्वतंत्र कायदाही आहे. तुमच्या वीसांना आज त्याची फारशी गरज नाही.

महामंडळाची वाट न पाहताही काम सुरू करता येतं, हे अनेक सरपंचांना ठाऊक नसतं. जमीन महसूल संहितेच्या कलम ४४-अ नुसार औद्योगिक विभागातली जमीन, किंवा नियमावलीत उद्योगाला मुभा असलेल्या शेती विभागातली जमीन, खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी वापरायला जिल्हाधिकाऱ्यांची अकृषिक परवानगी लागत नाही. वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांत तहसीलदारांना कळवायचं आणि त्या वेळी लागू असेल तो कर भरायचा. आधी नगररचना कार्यालयाचा झोन दाखला घ्यायचाच, आणि बांधकाम परवानगी वेगळी लागते ती लागतेच. बाहेरचा, शेतकरी नसलेला उद्योजकही अशी जमीन घेऊ शकतो, दहा हेक्टरच्या वर असेल तर विकास आयुक्त (उद्योग) यांची परवानगी काढावी लागते. वीस जण एकत्र येणार असतील तर सहकारी औद्योगिक वसाहतीचा रस्ता आहे. कोपरगाव, संगमनेर, हातकणंगल्याची लक्ष्मी वसाहत, यड्रावची पार्वती वसाहत या सहकारातूनच उभ्या राहिल्या. तिथे सभासद आधी जमले, भूखंड मागाहून पडले.

पैशाचं बोलू. उद्योजकाला सरकार काय देतं, हे त्याला नीट सांगता आलं पाहिजे, वाढवून सांगू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत धरतात. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के अनुदान. स्वतःचा हिस्सा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. एखाद्या ताईंचा २० लाखांचा प्रकल्प असेल तर त्यांचे एक लाख, बँकेचे १९ लाख आणि अनुदान सात लाख. हे सात लाख हातात येत नाहीत. तीन वर्षं ते बँकेत त्यांच्या नावे ठेव म्हणून राहतात, कर्जाच्या तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षांनी उद्योग चालू आहे असं पडताळणीत दिसलं की कर्जात जमा होतात. फसगत होते ती दोन ठिकाणी. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत, आणि मंजुरीआधी घेतलेल्या यंत्राचं बिल चालत नाही. दहा लाखांच्या वरच्या उत्पादन प्रकल्पाला अर्जदार आठवी पास हवा, हेही आधी पाहा.

धान्य, डाळ, मसाले, लोणची यांसाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया उन्नयन योजना आहे, २०२० पासूनची. ३५ टक्के, पण कमाल दहा लाख. म्हणजे ३० लाखांच्या प्रकल्पाला साडेदहा नाही, दहाच. कृषी खात्याने नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज भरून देते आणि तिचं मानधन शासन देतं. अर्जदाराकडून पैसे मागितले तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. अर्ज भरण्याच्या दिवशी दोन्ही योजनांची चालू मर्यादा आणि मुदत कार्यालयातून लेखी खात्री करून घ्या, कारण त्या बदलत असतात.

राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे, मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट आहेत, मागासलेपण जास्त तसा लाभ जास्त. सभेत हे ऐकायला छान वाटतं. पण त्यातला मोठा लाभ भरलेल्या राज्य जीएसटीच्या हिशेबाने मिळतो. सुट्या, लेबल नसलेल्या डाळीवर जीएसटीच नाही, तर परत काय मिळणार? अशा उद्योगाने व्याज अनुदान आणि वीज शुल्क माफीकडे बघावं. व्याज अनुदान २०१९ च्या योजनेत पाच टक्के होतं, पण त्या वर्षी भरलेल्या वीज बिलापुरतंच मर्यादित. कमी वीज वापरणाऱ्याला तेही थोडंच. आणि कुठलंही अनुदान कर्जाच्या हप्त्याच्या गणितात धरू नका. ते उशिरा येतं, हप्ता दर महिन्याला येतो.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहितो. ग्रामीण भागातून कारखानदार निघून जातात त्याची कारणं विचारली तर वीज, रस्ता यांच्या बरोबरीने आणखी एक येतं: कामगारांचा ठेका आमच्याच माणसाला, भंगाराचा ठेका आमच्याच माणसाला, टँकर आमचाच, गणपतीची वर्गणी अमुकच, ना-हरकत दाखला त्यानंतर. बाहेर ही चर्चा फार लवकर पसरते. तुमच्या ग्रामसभेने एखादा ठराव करायचाच असेल तर हा करावा: उद्योगासाठीच्या अर्जावर ग्रामपंचायत ३० दिवसांत लेखी निर्णय देईल, नाकारला तर कारण देईल, आणि ठेका किंवा देणगीची अट घालणार नाही. त्याची प्रत फाईलला जोडा.

आणि ‘५०० स्थानिकांना नोकऱ्या’ या शब्दांबद्दल. शासनाच्या धोरणात ८० टक्के स्थानिकांची अट आहे, पण २००८ च्या शासन निर्णयात ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य असलेला. नागपूरचा माणूसही त्यात स्थानिकच. गावच्या पोरांना काम हवं असेल तर त्यांना ते काम आधी येत असलं पाहिजे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये कोणते ट्रेड आहेत, किती जागा भरतात आणि मागणीपत्रांत कोणती कामं आली आहेत, हे दोन कागद शेजारी ठेवा. मागणीपत्रांत वेल्डर आणि शिलाई कारागीर असतील आणि आयटीआयमध्ये ते ट्रेडच नसतील, तर प्राचार्यांना भेटायचं काम यंदाच करा.

किती दिवस लागतील असं तुम्ही विचारलेलं नाही, पण गाव विचारेल. भूसंपादन करून वसाहत उभी राहायला सगळं सुरळीत झालं तरी काही वर्षं जातात. कलम ४४-अ खालच्या जमिनीवर, मंजूर कर्जाने, पहिल्या चार-पाच शेड वर्ष-दीड वर्षात उभ्या राहू शकतात. तेव्हा विजेची वही या आठवड्यात सुरू करा, बाहेरगावच्या पोरांची यादी सणाला ती घरी येतील तेव्हा पूर्ण करा, आणि फाईल घेऊन जाताना सोबत दोन-तीनच माणसं न्या: एक मागणीपत्र दिलेला उद्योजक, एक जमीन देणारा खातेदार आणि तुम्ही.